ऐतिहासिक उद्याने : निधी आहे, जाणते हात कोठे आहेत?

ताजमहालाच्या बांधकामास किती खर्च आला, याची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. तो टिकवून ठेवण्यासाठी शहाजहानने कोणती तरतूद करून ठेवली होती, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तीस गावांचा महसूल आणि लगतच्या बाजारांचे व सरायांचे भाडे या वास्तूच्या नावे कायमचे लावून देण्यात आले होते. देखभाल, दुरुस्ती आणि सेवकवर्गाचे वेतन या उत्पन्नातून भागावे, अशी ती योजना होती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर भांडवली खर्चाबरोबरच आवर्ती खर्चाचाही विचार मूळ आराखड्यातच झालेला होता.

उद्यानाच्या बाबतीत हा विचार अधिकच निकडीचा ठरतो. दगडी इमारतीकडे दहा वर्षे दुर्लक्ष झाले तरी ती बहुधा ओळखण्याजोगी उरते. बागेकडे दोन-तीन पावसाळे कोणी पाहिले नाही, तर वाफ्यांच्या कडा नाहीशा होतात, पाट गाळाने भरतात, रानटी झाडांची मुळे हौदाच्या सांध्यांत शिरतात आणि मूळ रचना कोणती होती हे सांगणेही कठीण होऊन बसते. बाग ही एकदा बांधून पुरी होणारी वस्तू नव्हे. ती दरवर्षी, किंबहुना दर ऋतूला नव्याने घडवावी लागते, आणि घडविणाऱ्यास तिची माहिती असावी लागते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या देशात वारशाच्या जतनासाठी पैसा उभा करण्याचे मार्ग वाढले आहेत. १९९६ मध्ये राष्ट्रीय संस्कृती निधीची स्थापना झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले व त्या कार्यांच्या यादीत राष्ट्रीय वारशाच्या संरक्षणाचा समावेश केला. २०१७ पासून स्मारके ‘दत्तक’ देण्याची योजना आली. या सर्वांचा भर प्रकाशयोजना, पायवाटा, प्रसाधनगृहे, माहितीफलक आणि एकदाच करावयाची दुरुस्ती यांवर राहिला आहे. दुरुस्ती झालेली बाग पुढील पन्नास वर्षे समजून-उमजून सांभाळणारी माणसे कोठून येणार, हा प्रश्न अनुत्तरितच आहे. लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजेच भूदृश्यरचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ऐतिहासिक उद्यानांत प्रत्यक्ष प्रशिक्षण देणे आणि त्यासाठी त्यांना पुरेसे विद्यावेतन देणे, हे या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर आहे. ते विद्यार्थ्यांवर केलेले उपकार मानण्याचे कारण नाही. तो उद्यानाच्या देखभालीचाच खर्च होय.

फ्लॉरेन्सच्या सनदेचा आग्रह

ही कल्पना नवी नाही. ऐतिहासिक उद्यानांच्या जतनासाठी १९८१ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने एक सनद तयार केली. स्मारकांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ‘इकोमॉस’ या संस्थेने ती पुढील वर्षी अधिकृतपणे नोंदविली. ऐतिहासिक उद्यान हे स्मारकच आहे, परंतु ते जिवंत स्मारक आहे, हे या सनदेचे मूलसूत्र. तिच्या चोविसाव्या कलमात प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख येतो. अशा उद्यानाचे अस्तित्व प्रशिक्षित व्यक्तींच्या अखंड निगराणीवर अवलंबून असते. यास्तव इतिहासकार, वास्तुविशारद, भूदृश्यरचनाकार, माळी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ या सर्वांच्या शिक्षणाची योग्य तरतूद केली जावी, असा त्या कलमाचा आशय आहे.

या यादीत माळ्याला इतिहासकाराच्या आणि वास्तुविशारदाच्या पंक्तीला बसविले आहे, ही गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या व्यवस्थेत आराखडा काढणारा आणि कुदळ चालविणारा यांच्यामध्ये पदवीची, पगाराची आणि पुष्कळदा जातीचीही भिंत उभी असते. आराखडा काढणाऱ्यास माती ठाऊक नसते आणि माती जाणणाऱ्यास आराखडा दाखविला जात नाही. ऐतिहासिक उद्यानांचे सर्वाधिक नुकसान याच पोकळीत झाले आहे.

मूळ बाग आणि आजची हिरवळ

मोगल चारबागेची रचना पाहिली म्हणजे हे नुकसान कसे होते ते कळते. पाण्याच्या पाटांनी आणि उंच पायवाटांनी बागेचे चार भाग केलेले असत आणि लागवडीचे वाफे पायवाटेच्या पातळीखाली असत. त्यामुळे पाटांतून पाणी आपोआप खाली उतरे आणि चालणाऱ्यास फुलांचा बहर अंथरलेल्या गालिच्यासारखा दिसे. फळझाडांना या बागांत मोठे स्थान होते; सावली, सुगंध आणि उत्पन्न ही तिन्ही त्यांच्यापासून मिळत. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत स्मारकांच्या जतनाला शासकीय शिस्त आली, आणि तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याच काळात ताजमहालाच्या बागेतील दाट झाडी काढून तेथे इंग्रजी पद्धतीची हिरवळ आली. पुढे देशभरातील स्मारकांभोवती हिरवळ, कडेने मोसमी फुलांच्या रांगा आणि कातरलेली कुंपणे हाच नमुना रूढ झाला. आज सामान्य प्रेक्षक त्यालाच मोगल उद्यान समजतो.

छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा हे याचे जवळचे उदाहरण. औरंगजेबाच्या काळात, १६६० च्या सुमारास पूर्ण झालेली ही वास्तू ताजमहालाची प्रतिकृती म्हणून ओळखली जाते आणि तिची तुलना नेहमी घुमटाशी व संगमरवराशी केली जाते. वस्तुतः सुमारे ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद अशा तटबंदीच्या आवारातील चारबाग हा तिच्या रचनेचा गाभा आहे. ज्या शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहरीने पाणी आणून दिले, जेथे पाणचक्की त्याच जलविद्येवर चालली, त्या शहरातील ही बाग आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात पाणी पिणारी हिरवळ सांभाळायची, की कमी पाण्यावर वाढणाऱ्या फळझाडांची आणि सुगंधी वनस्पतींची जुनी लागवड अभ्यासून ती परत आणायची, हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नाही. त्यात पाण्याचा हिशेब आहे, खर्चाचा हिशेब आहे आणि इतिहासाचा प्रामाणिकपणाही आहे. या तिन्हींचा एकत्र विचार करू शकेल अशा माणसाचे शिक्षण कोणत्या वर्गखोलीत होणार?

दिल्लीतील हुमायूनच्या कबरीच्या उद्यानाचे पुनरुज्जीवन १९९७ ते २००३ या काळात आगाखान सांस्कृतिक विश्वस्तनिधी आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांच्या सहकार्याने झाले. त्या कामात पाण्याचे पाट पुन्हा अशा बेताने बसविण्यात आले की, दर चाळीस मीटरला सुमारे एक सेंटिमीटर एवढाच उतार राहावा. पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्यासाठी १२८ खड्डे घेण्यात आले. आंबा, लिंबू, जास्वंद, मोगरा अशी लागवड परत आली. चाळीस मीटरला एक सेंटिमीटर हा उतार कागदावर काढणे सोपे आहे. तो दगडात उतरविणे, आणि पुढे जमीन खचली, गाळ साचला किंवा एखादा चिरा सरकला की पाणी कोठे अडले हे ओळखणे, ही मात्र पाटाच्या काठी उकिडवे बसूनच शिकण्याची विद्या आहे.

अभ्यासक्रमातील उणीव

भारतात भूदृश्यरचनेच्या पदव्युत्तर शिक्षणाचा आरंभ दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली झाला. तेथे दीर्घकाळ अध्यापन केलेले प्रा. मोहंमद शाहीर हेच हुमायूनच्या कबरीच्या उद्यानाचे आणि त्यालगतच्या, २०१८ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या सुंदर नर्सरीचे भूदृश्यरचनाकार होते. अध्यापन आणि ऐतिहासिक उद्यान यांचा असा संगम एका व्यक्तीच्या ठायी घडून आला, हे आपले भाग्यच. परंतु व्यक्तीच्या कर्तृत्वाला व्यवस्थेचे रूप मिळाले नाही, तर ती व्यक्ती गेल्यावर संगम आटतो. शाहीर २०१५ मध्ये निवर्तले.

आज अहमदाबाद, पुणे आणि इतर शहरांतही हा विषय शिकविला जातो. पुण्यात महिलांच्या भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालयात त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २००३ मध्ये या व्यवसायातील मंडळींनी आपली अखिल भारतीय संस्थाही स्थापन केली. तथापि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे, तशी स्वतंत्र कायदेशीर मान्यता भूदृश्यरचनाकारांना अद्याप नाही. त्याचा परिणाम प्रशिक्षणावर होतो. वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे सत्र अनिवार्य आहे. ते सामान्यतः एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात पार पडते. भूदृश्यरचनेचा विद्यार्थीही त्याच वाटेने जातो. मोठ्या गृहसंकुलांच्या आणि हॉटेलांच्या बागांचे नकाशे संगणकावर काढण्यात त्याचे महिने जातात. जुन्या आमराईतील झाडाची छाटणी, चुन्याच्या हौदाची गळती, विहिरीपासून कारंजापर्यंतचा पाण्याचा दाब, सनदा-दप्तरांतून बागेच्या लागवडीचा शोध या गोष्टी त्याच्या वाट्याला येतच नाहीत.

परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आहेत. ब्रिटनमधील चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टसारख्या संस्थेने वारसा-जतनाच्या क्षेत्रातील अनेक भारतीयांना साहाय्य केले आहे. त्यांचे मोल मान्य करूनही एक मर्यादा सांगितली पाहिजे. इंग्लंडच्या थंड, ओलसर हवेत वाढणाऱ्या झाडांवर शिकलेली निगा दख्खनच्या काळ्या मातीला आणि मार्च ते मे या तीन महिन्यांच्या उन्हाळ्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. ती विद्या येथील बागेतच मिळवावी लागेल.

खर्च कोणी करावा?

मग हे प्रशिक्षण आपोआप का उभे राहत नाही? त्याचे कारण अर्थशास्त्रात सापडते. गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. एका विशिष्ट संस्थेतच उपयोगी पडणारे कौशल्य आणि कोठेही उपयोगी पडणारे सर्वसाधारण कौशल्य. दुसऱ्या प्रकारच्या कौशल्यावर कोणतीही संस्था स्वतःचा पैसा खर्च करण्यास नाखूष असते. कारण शिकलेला मनुष्य उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. परिणामी असे शिक्षण शिकणाऱ्यालाच, कमी वेतन पत्करून, विकत घ्यावे लागते.

ऐतिहासिक उद्यानाच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे. येथे शिकलेल्या विद्यार्थ्यास पुढे त्या विद्येसाठी जादा मोबदला देणारा बाजारच लहान आहे. गृहसंकुलाचा बांधकाम व्यावसायिक मोगल पाटाच्या उताराचे ज्ञान विकत घेत नाही. त्या ज्ञानाचा लाभ प्रेक्षकांना, शहराला, येणाऱ्या पिढ्यांना मिळतो आणि त्यांपैकी कोणीही त्याचे बिल भरत नाही. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकट्याला, ती वस्तू बाजारात नेहमीच गरजेपेक्षा कमी निर्माण होते. विद्यार्थी हुशार असूनही या विषयाकडे वळत नाहीत, ही तक्रार मग निरर्थक ठरते. ते हुशार आहेत म्हणूनच वळत नाहीत.

विनावेतन प्रशिक्षण हा यावरचा सोयीचा उपाय मानला जातो. संस्थेला काही द्यावे लागत नाही आणि विद्यार्थ्यास प्रमाणपत्र मिळते. पण दिल्लीत, आग्र्यात किंवा मुंबईत सहा महिने स्वखर्चाने राहणे कोणाला परवडते? ज्याच्या घरून पैसे येतात त्यालाच. शेतकरी कुटुंबातून आलेल्या, माती, कलम आणि पाटपाणी लहानपणापासून पाहिलेल्या मुलामुलींनाच ही व्यवस्था बाहेर ठेवते. या विद्येसाठी जो वर्ग स्वभावतः सर्वांत योग्य, तोच गाळला जावा, यात सामाजिक अन्याय तर आहेच. पण साधनसंपत्तीचा अपव्ययही आहे. विद्यावेतनाचा प्रश्न म्हणून येथे निर्णायक ठरतो.

व्हर्साय आणि इंग्लंड

इतर देशांनी या प्रश्नाला दिलेली दोन निरनिराळी उत्तरे पाहण्यासारखी आहेत. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्याजवळ चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी याने १६७८ ते १६८३ या काळात भाजीपाल्याची व फळांची एक बाग तयार केली. सुमारे नऊ हेक्टरांची ही बाग राज्यक्रांतीनंतरही टिकली. १८७३ मध्ये तेथे उद्यानविद्येचे राष्ट्रीय विद्यालय स्थापन करण्याचा निर्णय झाला आणि १९७६ मध्ये भूदृश्यरचनेचे उच्च विद्यालय त्याच आवारात आले. भिंतींवर पसरवून वाढविलेली नाशपातीची झाडे, उन्हाळी-हिवाळी वाफे, तीनशे वर्षांपूर्वीच्या वाटा यांच्या सान्निध्यात तेथील विद्यार्थी नकाशे काढतात. ऐतिहासिक उद्यान हीच तेथे प्रयोगशाळा आहे. बागेला तरुण डोळे मिळतात आणि विद्यालयाला प्रयोगशाळा बांधावी लागत नाही.

इंग्लंडची कथा वेगळी आहे. तेथे मोठ्या जहागिरींच्या बागांतून माळ्यांची उमेदवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. पोऱ्या म्हणून आलेला मुलगा वीस वर्षांनी मुख्य माळी होई. पहिल्या महायुद्धाने ही साखळी तोडली. कॉर्नवॉल परगण्यातील हेलिगन येथील माळ्यांनी ऑगस्ट १९१४ मध्ये एका लहानशा खोलीच्या भिंतीवर आपली नावे लिहिली. त्यांतील अनेक जण रणांगणावरून परतले नाहीत आणि बाग झाडोऱ्यात बुडाली. १९९० नंतर ती पुन्हा मोकळी करण्यात आली. मधल्या काळात हरवलेले ज्ञान पुस्तकांतून आणि अवशेषांतून वेचून काढावे लागले.

या अनुभवातून तेथे प्रशिक्षणाच्या विद्यावेतन योजना उभ्या राहिल्या. १८९९ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या एका शेती-बागकाम संघटनेने १९९० नंतरच्या दशकात, संसारातून पुन्हा कामाकडे वळणाऱ्या स्त्रियांसाठी आठवड्यातून दोन दिवस आणि एक वर्षभर अनुभवी माळ्याच्या हाताखाली सशुल्क नव्हे, तर सवेतन शिकण्याची सोय केली. २००६ मध्ये ऐतिहासिक व वनस्पतिशास्त्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र विद्यावेतन योजना सुरू झाली. तीत उमेदवार वर्षभर एका उद्यानात मुख्य माळ्याच्या देखरेखीखाली राहतो व झाडे ओळखण्यापासून जतनाचा आराखडा समजून घेण्यापर्यंतचे शिक्षण घेतो.

पैसा कोठून येतो, हे आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. सरकारी साहाय्य व लॉटरीचा निधी यांच्या जोडीला तेथे लोकवर्गणीचीही परंपरा आहे. १९२७ साली खाजगी बागांच्या मालकांनी आपल्या बागा एक शिलिंग प्रवेशमूल्याने लोकांना खुल्या केल्या. त्या वर्षी ६०९ बागा उघडल्या गेल्या व आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या मदतीसाठी सुरू झालेल्या या उपक्रमातून पुढे माळीकाम शिकणाऱ्या तरुणांनाही आधार मिळू लागला. प्रवेशमूल्याचा एक भाग प्रशिक्षणाकडे वळविता येतो, एवढा साधा धडा त्यात आहे.

आपल्याकडे काय शक्य आहे?

दोन्ही देश श्रीमंत आहेत. आपल्याकडे शाळांना छप्पर नसताना बागांच्या शिष्यवृत्त्यांचे कौतुक कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. समजा, वीस विद्यार्थ्यांना सहा महिने दरमहा पंधरा हजार रुपये विद्यावेतन दिले, तर वर्षाला अठरा लाख रुपये लागतील. निवास, विमा आणि मार्गदर्शकांचे मानधन यांसाठी तेवढेच आणखी धरले, तरी एकूण छत्तीस लाख होतात. २०१८ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यासाठी एका उद्योगसमूहाशी झालेला करार पाच वर्षांसाठी पंचवीस कोटींचा, म्हणजे वर्षाला पाच कोटींचा होता. एका स्मारकावरील तेवढ्या रकमेच्या जेमतेम सात टक्क्यांत दरवर्षी वीस माणसे तयार होऊ शकतात. शाळेच्या छपराचा पैसा येथे वळविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जो पैसा वारशासाठी म्हणून बाजूला काढलेलाच आहे, त्याच्या वाटपाचा हा प्रश्न आहे.

कायद्याची आडकाठीही नाही. कंपन्यांच्या सामाजिक कार्यांच्या यादीत वारसा-संरक्षण आहे, तसे शिक्षण व व्यवसाय-कौशल्यही आहे. विद्यावेतन या दोन्ही सदरांत बसते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियमांत २०१९ साली दुरुस्ती होऊन पदवीधर उमेदवारास दरमहा किमान नऊ हजार रुपये ठरविण्यात आले. पदवीधरास अभ्यासाच्या काळात सन्मानाने जगण्यापुरते वेतन द्यावे, हे तत्त्व म्हणजे शासनाने केव्हाच स्वीकारले आहे. ते कारखान्याच्या फाटकापाशी थांबण्याचे कारण नाही. दत्तक योजनेच्या प्रत्येक करारात, ज्या स्मारकाला उद्यान आहे तेथे, वार्षिक खर्चाचा ठरावीक हिस्सा प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याचे कलम घालता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यावेतनावरील विद्यार्थी म्हणजे स्वस्त मजूर, आणि त्यांच्यामुळे माळ्यांची नोकरी जाईल, ही भीती निराधार नाही. अनेक महानगरपालिकांत उद्यानांची निगा वार्षिक ठेक्याने देण्याची पद्धत रूढ झाली आहे. ठेका बदलला की माणसे बदलतात आणि कोणत्या झाडाला कधी पाणी तोडावे हे ठाऊक असलेला मनुष्य बाहेर पडतो. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना ठेकेदाराच्या हाताखाली पाठविणे म्हणजे एका अन्यायात दुसऱ्याची भर घालणे होय. यास्तव दोन अटी आवश्यक आहेत. विद्यार्थ्यांची संख्या मंजूर माळ्यांच्या जागांत धरली जाऊ नये, आणि ज्येष्ठ माळ्यास शिक्षक म्हणून लेखी मान्यता व मानधन मिळावे. पदवी नसलेल्या माणसाने पदव्युत्तर विद्यार्थ्यास शिकवावे, यात विद्यापीठांना संकोच वाटण्याचे कारण नाही. गायनाच्या क्षेत्रात आपण हे कधीचेच मान्य केले आहे.

तिसरी अडचण परवानगीची. संरक्षित स्मारकाच्या आवारात, १९५८ च्या कायद्यामुळे, कोणालाही मनास येईल तेथे खणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच एकेका विद्यार्थ्याने अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजविण्याऐवजी पुरातत्त्व विभागाची उद्यान शाखा आणि वास्तुकला महाविद्यालये यांच्यात कायमचा करार व्हावा. मोजणी, झाडांची नोंद, पाण्याच्या मार्गांचा शोध, ऋतुमानाप्रमाणे बहराची दैनंदिनी अशी कामे विनाखणता करता येतात. पाच वर्षे अशी दैनंदिनी सलग ठेवली गेली, तर पुढील पुनरुज्जीवनाचा आराखडा तर्कावर न बेतता नोंदींवर बेतता येईल.

महाराष्ट्रात या कामासाठी जागांची वाण नाही. बीबी का मकबऱ्याचा उल्लेख वर आलाच आहे. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. दोनशेहून अधिक जातींचे सुमारे तीन हजार वृक्ष तेथे आहेत. २००७ मध्ये तिचा कायापालट करण्याची योजना पुढे आली, तेव्हा या वृक्षसंपत्तीचे मोल मांडण्याचे काम मुख्यतः जागरूक नागरिकांनी पदरमोड करून केले. जे काम प्रशिक्षित विद्यार्थ्यांच्या वार्षिक अभ्यासाचा भाग असावयास हवे होते, ते संकटाच्या वेळी नागरिकांवर येऊन पडले. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे. कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारी पेशवेकालीन नहर, तिचे हौद आणि उच्छ्वास आहेत. हजारी कारंजे त्या पाण्यावर उडत असे.

पुणे शहर या संदर्भात एक इशाराही देते. हिराबाग, तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग, माणिकबाग ही नावे आज वस्त्यांना, बाजारांना आणि बसथांब्यांना उरली आहेत. त्यांतील बहुतेक ठिकाणी बाग शोधूनही सापडत नाही. काही गेल्या त्या शहराच्या वाढीमुळे. पण ज्यांची आखणी, लागवड आणि पाणीपुरवठा कोणी नीट नोंदवून ठेवलाच नाही, त्या परत आणण्याचा विचारही आता करता येत नाही. एखादी बाग नाहीशी होते तेव्हा तिच्याआधी कित्येक वर्षे तिची माहिती असलेली माणसे नाहीशी झालेली असतात.

राज्य शासनाला या विषयात आरंभ करावयाचा असेल, तर मोठी घोषणा किंवा नवे महामंडळ यांची गरज नाही. तीन उद्याने, दोन महाविद्यालये, दरवर्षी बारा विद्यार्थी आणि प्रत्येक उद्यानात एक ज्येष्ठ माळी-शिक्षक एवढ्यावर पहिली पाच वर्षे काढता येतील. पहिल्या तुकडीतील निम्म्या जागा ग्रामीण भागातील आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात, विद्यावेतन दरमहा वेळेवर मिळावे आणि प्रत्येक तुकडीने केलेल्या नोंदी जाहीरपणे उपलब्ध व्हाव्यात. पाच वर्षांनी साठ माणसे तयार होतील. त्यांतील वीस जरी या क्षेत्रात टिकली, तरी आज ज्या कामासाठी दिल्लीहून किंवा परदेशातून सल्लागार बोलवावे लागतात, त्या कामाला राज्यातच जाणती माणसे मिळतील. पुढील अर्थसंकल्पात सांस्कृतिक कार्याच्या तरतुदी ठरविताना दगडमातीच्या खर्चाशेजारी या खर्चाची एक ओळ असावी, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.